सात कडवी, दोनदा

आमच्या घरात भात पाच कडव्यांत शिजायचा. अंडी तीन कडव्यांत, आणि तीही मधे श्वासाला न थांबता गायलं तर. तुरीच्या डाळीला एक गीत पुरायचं नाही, म्हणून आई त्याला मागून एक छोटं जोडायची. रविवारचं मटण म्हणजे तर जवळजवळ अख्खी उपासनाच. घड्याळ घरात नव्हतं असं नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीवर होतं आणि पप्पा दर रविवारी त्याला किल्ली द्यायचे. पण ते स्वयंपाकघरातून दिसायचं नाही, आणि आई म्हणायची, "घड्याळ बघायला हात पुसून उठावं लागतं. गाण्याला उठावं लागत नाय."

आई चांदवडकडची. लग्न होऊन नाशिकला आली, शरणपूर रोडच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत अर्धं आयुष्य राहिली, पण तिचं 'लय' आणि 'नाय' काही सुटलं नाही. आम्ही दोघी बहिणी शाळेत शुद्ध बोलायला शिकलो आणि घरी येऊन तिला हसायला लागलो. ती पोळी लाटता लाटता म्हणायची, "देवाला माझं समजतं. तुमचं तुम्ही बघा."

गीतांच्या पुस्तकात गीतांना आकडे होते, आमच्या घरात त्यांना नावं होती. भाताचं गीत, अंड्यांचं गीत, डाळीचं मोठं आणि डाळीचं छोटं. त्यामुळे व्हायचं काय, की रविवारी देवळात (आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणायची) एखादं गीत लागलं की मला पोटात भूक लागायची. एकदा तर भाताचं गीत संपलं, सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं, आणि त्या शांततेत माझी धाकटी बहीण ओरडली, "आई, भात उतरव!" पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पाद्र्यांना, चष्मा काढून पुसावा लागला. आईने मान खाली घातली होती, पण तिचे खांदे हलत होते. देवळात इतकं हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

हे सगळं वर आलं कारण गेल्या शनिवारी मी त्याच स्वयंपाकघरात उभी होते. आता ते स्वयंपाकघर राहिलेलं नाही म्हणा. आम्ही ते मिशनचं क्वार्टर सोडल्यावर मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, मधली भिंत पाडली आणि तिथे महिला मंडळाच्या सभांसाठी एक मोठी खोली केली. प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन पंखे, भिंतीवर बायबलमधल्या वचनाचा फ्लेक्स, त्यावर कबुतरं. महिला मंडळाने जुन्या बायकांना साक्ष द्यायला बोलावलं होतं. साक्ष म्हणजे उभं राहायचं आणि आपल्या आयुष्यात देवाने काय काय केलं ते चारचौघींत सांगायचं. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. माझ्याकडेच असते, गंगापूर रोडला. तिला रिक्षाने घेऊन गेले. तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि मी आपली मुद्दाम मागे गेले, जिथे आमची मोरी होती तिथे.

फरशी तीच होती. शहाबादी, मधे एक टवका उडालेली. त्या टवक्यावर मी पाय ठेवला आणि काय सांगू, एकदम रॉकेलचा वास आला. खरं तर तिथे रूम फ्रेशनर मारलेला होता. पण मला रॉकेलचा आला, स्टोला मारलेल्या पंपाचा आवाज आला, आणि त्यामागून लसणाची फोडणी, ओल्या कपड्यांची वाफ, आजीच्या गुडघ्यांना चोळायच्या तेलाचा तो कडवट वास, सगळं एकावर एक. पुढे कोणीतरी सुरुवातीची प्रार्थना करत होतं. मी डोळे मिटले ते प्रार्थनेसाठी नाही, हे कबूल करते.

आजी, म्हणजे पप्पांची आई, बाहेरच्या खोलीत खाटेवर असायची. ती पडून होती ती माझ्या आठवणीच्याही आधीपासून. तिचं सगळं आई करायची. पहाटे पाणी तापवणं, पप्पांचा डबा, आमच्या वेण्या, आजीची चादर, नळ जायच्या आत धुणं. दुपारी जरा पाठ टेकावी तर आजीची हाक. आणि हे सगळं चालू असताना वर गीत चालूच. कधी नुसती चाल, ओठ मिटून. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी मी कान द्यायचे आणि चाल ओळखून सांगायचे, आज वांगं आहे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

बुधवारी तीन वाजता बायकांची प्रार्थनासभा असायची. आईला ती कधी जमली नाही. साळवेकाकू मंडळाच्या अध्यक्ष होत्या, देवळाच्या सगळ्यात मोठ्या पंचांच्या बायको. सभेला जाताना त्या मुद्दाम आमच्या दारावरून जायच्या. पांढरी साडी, हातात शास्त्र, म्हणजे बायबल, रुमालात बांधलेलं.

"येताय का हो? प्रभूसाठी एक तास निघत नाही का?"

"आत्ताच पाय धुतलेत सासूबाईंचे, काकू. ओल्या चादरीवर कसं टाकून येऊ?"

"असू दे, असू दे. तुम्हाला घरचंच एवढं असतं."

वाईट नव्हत्या त्या. पण ते 'घरचंच एवढं असतं' त्या असं म्हणायच्या, की आई दार लावून घेतल्यावर थोडा वेळ काहीच गायची नाही. आणि वर्षातून एकदा पाळकसाहेब बायबलमधल्या त्या दोघी बहिणींवर संदेश द्यायचेच. एक स्वयंपाकघरात राबते, दुसरी प्रभूच्या पायाशी ऐकत बसते, आणि दुसरीचंच बरोबर ठरतं. त्या रविवारी सगळ्या बायका घरी जाताना गप्प असायच्या. आईने एकदा भाकरी थापता थापता पप्पांना विचारलं, "त्या दिवशी प्रभू जेवले असतील ना त्यांच्याकडं?"

"जेवले असतील की."

"मग कोणी रांधलं?"

पप्पा म्हणाले, "हे तू साहेबांना विचार." आईने काही विचारलं नाही, पण ती भाकरी जरा जास्तच जोरात थापली गेली.

तिची स्वतःची म्हणावी अशी एकच सेवा होती, रस. प्रभुभोजनाचा, म्हणजे दर महिन्याला देवळात सगळ्यांनी भाकरीबरोबर घोटभर घ्यायचा द्राक्षरस. आमची मंडळी दारूच्या बाबतीत भारी कडक. बाटलीचं झाकण हुंगलं तरी पंच घरी येऊन समजावणार. त्यामुळे प्रभुभोजनाला साधा, न आंबलेला रस लागायचा, आणि नाशिकला द्राक्षांना काय तोटा? पण रस टिकायला तो नीट उकळावा लागतो आणि गरम असतानाच बाटलीत बंद करावा लागतो. ते आईकडे होतं. कसं आलं कोण जाणे. तिच्या आधी कोणी म्हातारी करत होती म्हणे.

पप्पा दिंडोरीकडच्या एका ओळखीच्या मळ्यातून काळी द्राक्षं आणायचे. स्कूटरला पुढे खोका, खोक्यात कडुलिंबाचा पाला. त्या सकाळी आई डोक्यावरून नाहायची. पांढरं पातळ, ओला अंबाडा. आम्हाला बजावून ठेवलेलं असायचं, आज भांडायचं नाही, आज एकमेकींना 'गाढवे' म्हणायचं नाही. इनॅमलचं मोठं पातेलं, काठाला निळी रेघ, वर्षभर माळ्यावर पालथं असायचं, ते खाली यायचं. आणि मग ती जमिनीवर बसून एकेक घड उचलायची. एका घराला एक घड. आमच्या मंडळीत चाळीसेक घरं होती. "हा गायकवाडांचा. त्यांच्या रूथला चांगलं स्थळ मिळू दे." मणी खुडून पातेल्यात. "हा कोपऱ्यावरच्या भालेरावांचा. खोकला लय वाढलाय बाबांचा, प्रभू." "हा साळव्यांचा." इथे ती जरा थांबायची. "त्यांच्या गुडघ्यांकडं बघ. लांबून चालत येतात बिचाऱ्या दर बुधवारी." मी मांडी घालून समोर बसलेली असायचे आणि बोटांवर घरं मोजायचे. आमचा घड सगळ्यात शेवटी, आणि तो नेहमी लहान. मी एकदा विचारलं, आपला एवढाच का. म्हणाली, "आपलं तर रोजच चालू राहतं ना मागणं."

मग हाताने कुस्करायचं, एकदा तापवायचं, मलमलीच्या फडक्यातून गाळायचं. आणि मग शेवटची उकळी, जिच्यावर सगळं अवलंबून. तिचं गीत वेगळं होतं. सात कडव्यांचं, संथ, एकेका शब्दावर रेंगाळणारं. ते दोनदा म्हणायचं, पहिल्या कडव्यापासून सातव्यापर्यंत, आणि मगच स्टो बंद. खोलीभर तो वास. गोड आणि तुरट, भिंतींना चिकटणारा. दोन दिवस आमच्या केसांनासुद्धा यायचा. बाटल्या उकळून उपड्या ठेवलेल्या, बुचं, वर मेण. ती मेण ओतायची तेव्हा मी श्वास धरून बसायचे. मला तेव्हा वाटायचं, स्वर्ग म्हणजे असंच काहीतरी असेल, गरम आणि जांभळं. पुढे बऱ्याच गोष्टींबद्दल माझं मत बदललं, पण याबद्दल नाही.

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी आमच्या तरुणांच्या गायनमंडळात एक गिटार आली. मुंबईहून कोणाचा तरी भाचा घेऊन आला होता. त्याने जुन्या गीतांना नव्या चाली लावल्या, टाळ्या वाजवत म्हणायच्या. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण पाळकसाहेब म्हणाले, गाऊ द्या. ईस्टरसाठी आम्ही जे गीत बसवत होतो, ते नेमकं आमच्या घरातलं रसाचं गीत. नव्या चालीत ते काय छान लागायचं! मी पहिल्यांदाच मोठ्यांच्या गायनमंडळात उभी राहणार होते. उठता-बसता तेच. दात घासताना तेच.

ईस्टरला दोन-तीन आठवडे होते. द्राक्षं आली, घड मोजून झाले, रस गाळून झाला. शेवटच्या उकळीला बुडबुडे दिसायला लागले आणि आईने तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून आजीची हाक आली. साधी हाक नव्हती. आजीला उठवून मोरीतच न्यायला हवं होतं, आणि चादरीचंही झालं होतं. आई एक क्षण पातेल्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "तू म्हण. सात कडवी, दोनदा. मग बंद कर. घाई करू नको."

मी म्हटलं. पाटावर बसून, पाठ ताठ, हात जोडून. सातही कडवी, एकही न गाळता, दोनदा. मी घाई केली नाही. देवाशप्पथ नाही केली. मी ते फक्त नव्या चालीत म्हटलं, कारण तेव्हा मला तीच येत होती, तीच खरी वाटत होती. मोरीत नळ सोडलेला होता, आजी कण्हत होती, आईला काही ऐकू आलं नाही. ती हात पुसत आली, मला म्हणाली, "दोनदा?" मी म्हटलं, "दोनदा." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला डेटॉलचा वास होता.

ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरस्तानात जायचो. अंधार विरत असायचा, दव असायचं, आणि कबरींवर झेंडू आणि गुलाब. पाठोपाठ घरी येऊन अंडी, कांद्याच्या सालीत उकडून तांबूस झालेली. मग नवे कपडे घालून देऊळ. मी गायनमंडळात दुसऱ्या रांगेत, दोन्ही वेण्यांना पांढऱ्या रिबिनी. आई नेहमीसारखी शेवटच्या बाकावर, दाराजवळ, आजीसाठी मधूनच घरी पळता यावं म्हणून. पुढे मेजावर पांढरंशुभ्र कापड, त्यावर भाकरी आणि आईची बाटली.

प्रभुभोजनाच्या आधी आमचं गीत होतं. गिटार सुरू झाली, टाळ्या सुरू झाल्या, आणि मी डोलत डोलत गायला लागले. तिसऱ्या कडव्याला मी आईकडे बघितलं, तिने मला बघावं म्हणून. ती बघतच होती. पण हसत नव्हती. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि ती बोटांवर कडवी मोजत होती. सातवं कडवं संपलं तेव्हा तिने मागे वळून देवळाच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मेजावरच्या बाटलीकडे. ती बाकावरून अर्धी उठली. काय करणार होती, देव जाणे. मग पुन्हा खाली बसली. आणि मला एकदम सगळं कळलं: नव्या चालीत सात कडवी निम्म्या वेळात संपत होती. अकरा वर्षांच्या मुलीलाही कळायचं ते कळतंच.

आमच्याकडे बाटली सगळ्यांसमोर मेजावर उघडायची पद्धत होती. साळवेकाका पुढे झाले. त्यांनी मेण खरवडलं, बुचाला हात घातला, आणि 'फट्' असा आवाज झाला. बूच उडून उपदेशाच्या व्यासपीठापर्यंत गेलं. जांभळा फेस त्यांच्या मनगटावरून त्या पांढऱ्या कापडावर उतरला, आणि तो वास, पहिल्या रांगेपासून एकेक बाक मागे येत गेला. माणसं श्वास घेत होती आणि एकमेकांकडे बघत नव्हती. एक मूल हसलं, त्याला चापट बसली. साळवेकाकांनी बाटली रुमालाने झाकून आत नेली. त्या ईस्टरला आमच्या मंडळीने प्रभुभोजन भाकरी आणि पाण्यावर घेतलं. पप्पा नंतर घरी म्हणाले, "प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केलेला ऐकलाय. आपल्याकडे उलटं झालं." कोणी हसलं नाही.

उपासनेनंतर मागच्या खोलीत पंच बसले होते. आईला बोलावलं. मी तिच्या पदराला धरून गेले.

"बाई, नीट उकळला होता ना?" साळवेकाकांनी विचारलं. रागाने नाही, खरंच काळजीने.

"माझ्याकडून कमी उकळला गेला," आई म्हणाली.

"असं कसं झालं? इतकी वर्षं..."

"झालं खरं. चुकलं माझं."

साळवेकाकू तिथेच होत्या. त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या हो. तुम्हाला घरचंच एवढं असतं, त्यात हे कशाला मागे? पुढच्या महिन्यापासून आपण बाजारातूनच मागवू."

मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं झालं असतं. पदर माझ्या मुठीत होता. मी तो पिळत राहिले.

त्यानंतर आई स्वयंपाकघरात गायची बंद झाली. ठरवून, की तसंच होत गेलं, मला सांगता येणार नाही. पप्पांनी एक गजराचं घड्याळ आणून ओट्यावर ठेवलं. भात शिजला की ते किंचाळायचं. मी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी कान द्यायची सवय कितीतरी दिवस गेली नाही. नुसता भांड्यांचा आवाज यायचा, कुठल्याही घरातून येतो तसा. पुढे आजी गेली, बुधवारची सभा आईला जमायला लागली, ती जाऊन मागे बसायची. मी मात्र गात राहिले. गायनमंडळात चाळीस वर्षं काढली मी. नोकरी, दोन मुलं, सासर, कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला स्टिअरिंगवर डोकं टेकून केलेल्या प्रार्थना, या सगळ्यातून मला कोणी विचारलं की तुमचं कसं जमतं, तर मी सांगायचे, गाते म्हणून जमतं. आणि प्रत्येक वेळी मला तो मुठीत पिळलेला पदर आठवायचा.

तर, शनिवारी. प्रार्थना संपली, दोन-तीन साक्षी झाल्या, आणि मग आमच्या नव्या पाळकांची बायको, अगदी तरुण आणि गोड मुलगी, म्हणाली, "पूर्वी आपल्या मंडळीत रस घरी करायचे म्हणे? किती सुंदर पद्धत! का बंद झाली?"

साळवेकाकूंची सून मागून म्हणाली, "अहो, एकदा कोणा बाईने आंबवून ठेवला होता. भर ईस्टरला बूच उडालं! सासूबाई सांगायच्या."

सगळ्या हसल्या. तिला बिचारीला काय माहीत, की ती बाई पहिल्या रांगेत बसली आहे. आई समोर बघत होती, कबुतरांच्या फ्लेक्सकडे. आणि मला अशी तिडीक आली! मी त्या टवक्यावरून पाय उचलला आणि पुढे गेले. म्हटलं, मला साक्ष द्यायची आहे. आईने माझ्याकडे बघून मान हलवली, बारीकशी, नको म्हणून. मला वाटलं, लाजतेय.

मी सगळं सांगितलं. चाळीस घड, सात कडवी, गिटार, आजीची हाक, पंचांची खोली, माझ्या मुठीतला पदर. म्हटलं, ती बाई माझी आई आहे आणि तो रस तिने नाही, मी आंबवला. खोलीत बायका डोळे पुसत होत्या. कोणीतरी 'प्रभूची स्तुती असो' म्हणालं. साळवेकाकूंची सून उठून आईच्या पाया पडली. ती नवी मुलगी आईचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आजी, पुढच्या महिन्याचा रस तुम्हीच करायचा!"

"आता हात उचलत नाय, पोरी," आई म्हणाली आणि हात हळूच सोडवून घेतले.

रिक्षात मला इतकं हलकं वाटत होतं. सत्तेचाळीस वर्षांचं ओझं गेलं, असं मी तिला म्हटलंसुद्धा. ती बाहेर बघत होती. रविवारीही बोलली नाही, सोमवारीही नाही. म्हटलं, थकली असेल.

मंगळवारी सकाळी ती माझ्यासाठी चहा घेऊन आली. सकाळचा चहा अजून तीच करते, तेवढं एक काम मला करू देत नाही. कप माझ्या हातात देऊन पलंगाच्या कडेला बसली.

"कशाला बोललीस गं तिथं?"

"तुझ्यावरचा आळ जावा म्हणून."

"कुठला आळ? मीच घेतला होता तो. लोकांनी घातला असता तर आळ." ती गुडघे चोळत होती. "त्या दिवशी तू गात होतीस ना, कशी डोलत होतीस. मला तिथंच कळलं सगळं. म्हणलं, ह्या पोरीला जन्मभर गायचंय. आज हिचं नाव निघालं तर ही परत तोंड उघडायची नाय."

"आई, पण तुझी सेवा गेली. तुझं गाणं गेलं."

"गेलं. लय वाईट वाटलं. रडले पण मोरीत." तिने गुडघ्यांवरून पदर सारखा केला. "मग देवाला म्हणलं, बाबा, सभेला येता येत नाय, उपास झेपत नाय, रस पण गेला. दुसरं काय द्यायला आहे माझ्याकडं? तर हे घे. हे कोणालाच सांगणार नाय. हे तुझ्यामाझ्यात. रोज पहाटे उठले की तेवढं द्यायचे त्याला. बाकी सगळं तुमच्यासाठी असायचं, घराचं असायचं. हे एवढंच माझ्या एकटीचं होतं."

मी कप दोन्ही हातांत धरला.

"तू सगळ्या मंडळीत वाटून टाकलंस," ती म्हणाली. रागावून नाही. पिशवी रिकामी झाली आहे हे सांगावं, तसं.

"आई, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतंच तुला. मीच सांगितलं नव्हतं." ती उठायला लागली, मी हात पुढे केला, तिने तो धरला. "रविवारी पहाटे उठले. हात जोडले. बघते तर हातात काहीच नाय. तीन दिवस झाले, तशीच बसते."

"मग?"

"मग काय. बसते थोडा वेळ रिकामी. आन् उठून तुझा चहा ठेवते."

ती स्वयंपाकघरात गेली. कप माझ्या हातात होता, गरम. मला तो पिताही येईना आणि खाली ठेवताही येईना.